तालमीच्या दिवसांतील अभ्यास, मैत्री आणि वाचन

दिवसभर शाळा, शाळेनंतर क्लास, क्लासनंतर तालीम, तालमीनंतर गृहपाठ आणि त्यानंतरही डोळे उघडे राहिलेच, तर वाचायला घेतलेल्या पुस्तकाची चार पाने. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत नाटक करणाऱ्या तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचा दिवस साधारणपणे असा असतो. निमित्त शाळेच्या स्नेहसंमेलनाचे असो, राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेचे असो किंवा कनिष्ठ महाविद्यालयात गेल्यावर एखाद्या एकांकिकेचे. तालमी सुरू झाल्या की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो. नाटक की अभ्यास?

हा प्रश्न मुळातच चुकीच्या जागी उभा आहे. अभ्यासाला परीक्षेची तारीख असते आणि नाटकाला प्रयोगाची. ज्या गोष्टीला तारीख असते ती आपला वेळ मिळवतेच. तिच्यामागे शिक्षक असतात, दिग्दर्शक असतो, पालक असतात. मागे पडतात त्या तारीख नसलेल्या गोष्टी. झोपेची कोणी परीक्षा घेत नाही, मैत्रीचे गुणपत्रक येत नाही आणि अवांतर वाचन राहून गेले म्हणून कोणी जाब विचारत नाही. त्यामुळे आठवडा भरला की पहिली कात्री याच तिघांना लागते. प्रत्यक्षात मात्र अभ्यास आणि नाटक ही दोन्ही कामे याच तिघांच्या आधारावर चालतात. तालमीच्या दिवसांचे नियोजन करायचे ते या दृष्टीने.

एकशे अडुसष्ट तासांचा हिशेब

आठवड्याचे तास १६८. नववी-दहावीतील एखाद्या विद्यार्थ्याचा आठवडा उदाहरणादाखल मांडून पाहू. रोज साडेआठ तास झोप धरली तर सुमारे ६० तास. शाळा सहा दिवस, रोज सहा तास आणि जाण्यायेण्याचा एक तास मिळून ४२. क्लासचे १०. आंघोळ, जेवण, घरातील लहानसहान कामे यांना रोज अडीच तास म्हणजे सुमारे १८. एवढ्यातच १३० तास संपले. उरलेल्या ३८ तासांतून स्वतःच्या अभ्यासाला १२ तास काढले, तर हाती राहतात २६.

आता तालीम. सहा आठवड्यांत उभे राहणारे नाटक धरले, तर पहिले दोन आठवडे संहितेच्या वाचनाचे असतात. त्यात आठवड्याला सुमारे १० तास जातात. पुढील दोन आठवडे हालचाली बसवण्याचे. तेव्हा रोज अडीच तासांप्रमाणे १५ तास होतात. शेवटच्या पंधरवड्यात संपूर्ण नाटक पुन्हा पुन्हा करून पाहणे, प्रकाश व संगीतासह तांत्रिक तालीम आणि रंगीत तालीम येते. रविवारसह रोज चार तास धरले, तर आठवड्याचे २८ तास झाले. म्हणजे चौथ्या आठवड्यापर्यंत ११ तास शिल्लक असलेल्या मुलाच्या खात्यात पाचव्या आठवड्यात दोन तास उणे निघतात. हे उणे तास कोठून तरी भरून काढावेच लागतात. कोणी ठरवले नाही, तर ते रात्रीतून जातात.

प्रत्येक घराचे आकडे वेगळे असतील. कोणाची शाळा लांब असेल, कोणाला क्लास नसेल. पण कागदावर हा हिशेब एकदा मांडला की दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अडचण सहाही आठवड्यांची नसून शेवटच्या दोन आठवड्यांची आहे. दुसरी, ती आधीपासून दिसते. पहिल्या दोन आठवड्यांत तालीम हलकी असते. त्या काळात आठवड्याला पाच तासांचा अभ्यास पुढचा करून ठेवला, तर दहा तासांची सोय होते. प्रकल्पवह्या, प्रयोगवह्या, निबंध, नकाशे अशी लिखापढीची कामे यासाठी सर्वांत योग्य. अभ्यास असा आधी साठवता येतो. झोप साठवता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

अंदाज का चुकतो?

‘एवढे तर सहज होईल’ हे वाक्य नाटकवाल्या मुलांच्या तोंडी नेहमी असते. यात आळस किंवा बढाई असतेच असे नाही. माणसाची बुद्धीच स्वतःच्या कामाचा अंदाज कमी लावते. डॅनिएल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. पुढे १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो कधी पूर्ण होईल, असे विचारले. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५ दिवस. विशेष म्हणजे दुसऱ्याच्या कामाचा अंदाज करताना माणसे इतकी आशावादी नसतात.

यातून निघणारा मार्ग सोपा आहे. ‘या वेळी किती वेळ लागेल’ असे न विचारता ‘मागच्या वेळी किती लागला होता’ असे विचारावे. बीजगणिताचा एक सरावसंच मागील तीन वेळा पाऊण तासात झाला असेल, तर या वेळी तो अर्ध्या तासात होणार नाही. तालीम साडेआठला संपते असे सांगितले जाते, पण घरी पोहोचायला साडेनऊ होतात, हे दोन आठवडे पाहिले असेल, तर वेळापत्रकात साडेनऊच लिहावे.

तारखांचेही असेच आहे. राज्य मंडळाच्या बहुतेक शाळांचे वर्ष जूनच्या मध्याला सुरू होते, सहामाही परीक्षा दिवाळीपूर्वी होते, स्नेहसंमेलने डिसेंबर-जानेवारीत येतात आणि मंडळाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. पुण्यातील ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ या संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास असते. अकरावी-बारावीच्या मुलांना तिचे आकर्षण मोठे असते, आणि नेमक्या त्याच सुमारास पहिल्या सत्राचा अभ्यास वेग घेत असतो. म्हणजे टक्कर कधी होणार हे जवळजवळ दिनदर्शिकेवर छापलेलेच असते.

पूर्वी ही टक्कर तुलनेने कमी होती. सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’ने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले, तेव्हापासून शहरी मराठी घरांत बालनाट्य रुजले. मात्र अनेक घरांना बालनाट्य आठवते ते दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीतले. नाट्यशिबिरेही उन्हाळ्याचीच. स्पर्धेचे नाटक मात्र ऐन सत्रात बसवले जाते. म्हणून भूमिका स्वीकारण्यापूर्वीच शाळेचे वेळापत्रक दिग्दर्शकाच्या हाती देणे आवश्यक ठरते. ‘सर, १२ ते १७ तारखेपर्यंत माझी चाचणी आहे. त्या आठवड्यात मी रोज एकच तास येऊ शकेन. माझे प्रवेश आधी घेतले तर बरे होईल,’ एवढे पहिल्या दिवशी सांगणाऱ्या मुलाला बहुतेक दिग्दर्शक समजून घेतात. तेच ११ तारखेला रात्री फोनवरून सांगितले, तर समजूतदार माणसाचाही संयम सुटतो. कारण एका नटाची गैरहजेरी म्हणजे त्याच्यासमोर उभ्या असलेल्या प्रत्येकाचा वाया गेलेला वेळ असतो.

झोप : सर्वांत स्वस्त वाटणारे, सर्वांत महाग पडणारे

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने दिलेली शिफारस अशी, की १३ ते १८ वर्षे वयोगटाला चोवीस तासांत ८ ते १० तासांची झोप हवी. सहा तासांवर भागवणारे मूल कष्टाळू ठरते, हा आपल्याकडील समज या शिफारशीशी मुळीच जुळत नाही.

पौगंडावस्थेत आणखी एक बदल होतो. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात रात्री उशिराने स्रवू लागते. त्यामुळे नैसर्गिकरीत्याच झोपेची वेळ दोन तासांपर्यंत पुढे सरकू शकते. रात्री अकराला टक्क जागा आणि सकाळी सहाला न उठणारा मुलगा दरवेळी हट्टीच असतो, असे नाही. याच कारणास्तव अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठपूर्वी भरवू नयेत, अशी सूचना केली. कॅलिफोर्निया राज्यात २०२२ पासून बहुतांश शासकीय उच्च माध्यमिक शाळांसाठी तसा कायदाही लागू झाला. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळांच्या वेळेबाबत निर्णय घेतला तो पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. ते वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असे त्यात म्हटले आहे. माध्यमिक शाळेतील मुले त्या निर्णयाच्या कक्षेबाहेर आहेत. सकाळी सातची शाळा आणि रात्री नऊपर्यंतची तालीम या दोहोंच्या मधल्या दहा तासांतच जेवण, गृहपाठ आणि झोप बसवायची, असा त्यांचा पेच आहे.

झोप कमी केल्याने वेळ वाचतो, हा हिशेब फसवा आहे. दिवसभरात शिकलेले स्मरणात पक्के होण्याच्या प्रक्रियेत झोपेचा मोठा वाटा असतो. रात्री बारापर्यंत घोकलेला इतिहास आणि त्याच रात्री बसवलेला प्रवेश, दोन्ही अपुऱ्या झोपेत कच्चे राहतात. नटाच्या बाबतीत भर पडते ती आवाजाची. थकलेल्या शरीराने ओरडून म्हटलेल्या संवादांनी घसा बसतो आणि प्रयोगाच्या दिवशी नेमका आवाज साथ देत नाही.

घरासाठी एक व्यवहार्य नियम सुचवता येईल. झोपेची वेळ ठरलेली असावी आणि त्या वेळेला जो गृहपाठ उरला असेल तो उरू द्यावा. दुसऱ्या दिवशी शिक्षकांना खरे कारण सांगावे. आठवड्यातून दोनदा असे झाले, तर नियोजनात काही तरी बिघडले आहे, हे वेळीच समजते. रात्रीची झोप मोडून गृहपाठ पूर्ण केला, तर तो बिघाड झाकला जातो आणि शेवटच्या आठवड्यात एकदम उघडा पडतो.

नटाचे पाठांतर, विद्यार्थ्याचे पाठांतर

नाटकामुळे अभ्यास बुडतो, ही तक्रार सार्वत्रिक आहे. नाटकामुळे अभ्यासाची रीत सुधारू शकते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. हेल्गा नोइस आणि टोनी नोइस या दांपत्याने व्यावसायिक नट संवाद कसे लक्षात ठेवतात, याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना आढळले ते असे, की अनुभवी नट शब्द घोकून सुरुवात करत नाहीत. या पात्राला या क्षणी काय हवे आहे, ते हे वाक्य कोणाला आणि कशासाठी म्हणते आहे, असे प्रश्न ते प्रत्येक ओळीला विचारतात. अर्थ लागत जातो तसे शब्द बसत जातात. शिवाय हालचालीबरोबर म्हटलेले संवाद अधिक पक्के राहतात.

तालमीत हे आपोआप शिकणारे मूल विज्ञानाच्या व्याख्या मात्र पान समोर धरून दहा वेळा वाचत बसते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उपयुक्त ठरतो. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचून पुस्तक मिटले आणि आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत मात्र पुस्तक मिटून आठवणारे पुढे गेले. नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर, संहिता हातातून सुटल्याशिवाय नाटक बसत नाही. अभ्यासाचेही तसेच आहे.

म्हणून ज्याच्याकडे अभ्यासाला रोज दीडच तास आहे, त्याने त्यातील निदान निम्मा वेळ पुस्तक मिटून घालवावा. प्रश्न विचारावेत, उत्तरे लिहावीत, मग पुस्तक उघडून ताडून पाहावे. धडा एकाच बैठकीत संपवण्यापेक्षा दोन-तीन दिवसांच्या अंतराने थोडा थोडा पाहावा. तालमीत आपला प्रवेश नसताना मिळणारी वीस मिनिटे यासाठी फार उपयोगी पडतात. खिशातल्या कागदावर दहा प्रश्न असले, तरी विंगेत बसून उजळणी होते. गणितासारख्या एकाग्रतेच्या विषयाला मात्र असे तुकडे पुरत नाहीत. त्यासाठी सलग पाऊण तास आणि बाजूला ठेवलेला मोबाइल हवा.

वाचनाचा संकल्प : पुस्तके मोजावीत की पाने?

वर्षारंभी किंवा १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी अनेक मुले संकल्प करतात : वर्षात पंचवीस पुस्तके, पन्नास पुस्तके. संकल्प चांगला, त्याचे माप मात्र तालमीच्या दिवसांत घात करते. पुस्तके मोजू लागले की जाड पुस्तक टाळले जाते, पातळ पुस्तक निवडले जाते, आणि महिनाभर आकडा हलला नाही की संकल्पच सोडून दिला जातो.

त्याऐवजी वेळ मोजावा. रोज वीस मिनिटे हे माप तालमीच्या ऐन गर्दीतही टिकते. तासाला तीस पाने हा वेग धरला, तर वीस मिनिटांत दहा पाने होतात, महिन्याला तीनशे. दोनशे पानांची दीड पुस्तके झाली. वर्षभरात अठरा. पन्नासचा संकल्प करून मार्चमध्ये सोडून देण्यापेक्षा हे कितीतरी अधिक आहे.

शिवाय नाटक करणाऱ्या मुलाने नाटके वाचणे हे वाचनातच जमा धरावे. नाटकाची संहिता साधारण दोन-तीन तासांत वाचून होते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’तील प्रवेश बसवणाऱ्या मुलीने ते नाटक ज्यावर बेतले आहे ते बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ वाचले, तर एकच गोष्ट दोन समाजांत कशी वेगळी होते, हे तिला उमगते आणि तिची भूमिकाही समृद्ध होते. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ आवडले, तर त्याच कुटुंबाची पुढील कथा ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या नाटकांत वाट पाहत असते. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ वाचताना तर नाटकातील तालीमच प्रेक्षकांसमोर कशी उलगडते, हे पाहायला मिळते. अर्थात मोठ्या मुलांसाठीच्या या नाटकांची निवड वय आणि समज पाहून करावी.

प्रवासात वाचण्यासाठी व्यक्तिचित्रे उत्तम. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ किंवा पु. लं.चे ‘व्यक्ति आणि वल्ली’ यांतील एकेक प्रकरण एका बैठकीत संपते आणि माणूस कसा पाहावा, कसा बोलतो, कोठे थांबतो, हे नटाला शिकवून जाते. हे वाचन तालमीविरुद्ध उभे राहत नाही. ते तालमीलाच खतपाणी घालते.

एक सावधगिरी मात्र हवी. सगळेच वाचन उपयोगाचे ठरवू नये. भूमिकेशी, परीक्षेशी, स्पर्धेशी काहीही संबंध नसलेले, निव्वळ आवडले म्हणून हाती घेतलेले एक पुस्तक उशाशी असू द्यावे. ज्याचा दिवस दुसऱ्यांनी आखलेला आहे, त्या मुलाच्या हातात स्वतःचे असे तेवढेच उरलेले असते.

जुने मित्र, तालमीतले मित्र

अभ्यास मागे पडला तर गुणांत दिसतो. मैत्री मागे पडली तर बराच काळ कोणालाच दिसत नाही. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या गावी आलेली प्रौढ माणसे आणि महाविद्यालयात नव्याने दाखल झालेले विद्यार्थी यांची मैत्री कशी जुळते, हे तपासले. घनिष्ठ मैत्रीपर्यंत पोहोचायला एकत्र घालवलेले दोनशेहून अधिक तास लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या सहा आठवड्यांच्या उदाहरणात तालमीचे एकूण १०६ तास होतात. म्हणजे एकाच नाटकात त्या वाटेचा निम्मा पल्ला गाठला जातो. नाटकातला चमू इतक्या लवकर ‘आपला’ का होतो, याचे हे एक साधे कारण.

याची दुसरी बाजू वर्गातल्या जुन्या मित्राच्या वाट्याला येते. त्याच सहा आठवड्यांत त्याला डब्याच्या सुट्टीतली पंधरा मिनिटे मिळतात आणि त्यातही गप्पा तालमीच्याच. त्याला कंटाळा येतो. मग तो हाक मारणे सोडतो. आणि प्रयोग संपल्यावर चमू पांगतो तेव्हा नाटकातला मुलगा मागे वळून पाहतो, तर बाकावरची जागा भरलेली असते. तालमी संपल्यानंतर अनेक मुलांना येणारे रितेपण काही अंशी यामुळे असते.

यावर खर्चिक उपाय लागत नाही. आठवड्यातून एक ठरलेली वेळ, मग ती शनिवारी शाळेतून एकत्र चालत येण्याची का असेना, जुन्या मित्रासाठी राखून ठेवावी. त्या वेळी नाटकाविषयी बोलू नये. त्याचे काय चालले आहे ते विचारावे. आपण सहा आठवडे गडबडीत असू, हे त्याला आधीच सांगावे. न सांगता आलेला दुरावा अपमान वाटतो; सांगून घेतलेली सवड मित्र समजून घेतो. प्रयोगाला मात्र त्याला आवर्जून बोलवावे. बुडालेल्या तासांच्या वह्या मागायच्या असतील, तर त्याबदल्यात आपणही त्याला एखादा विषय समजावून द्यावा. वहीपुरती उरलेली मैत्री फार दिवस टिकत नाही.

पालक, शाळा आणि दिग्दर्शक

नाटकाची बाजू मांडताना मराठी घरांत काही नावे हमखास घेतली जातात. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ; तिघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. नाटक आणि कठीण अभ्यास एकत्र होऊ शकतात, याचा हा पुरावा नक्कीच आहे. मात्र प्रत्येक मुलासमोर ही नावे ठेवणे अन्यायाचे होईल. नाटक करणाऱ्या बहुसंख्य मुलांना नट व्हायचे नसते आणि डॉक्टरही. स्पर्धेत पारितोषिक मिळेलच, असेही नसते. पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी तर २०२२ मध्ये एकाही एकांकिकेला करंडक देण्यायोग्य मानले नव्हते. मुलाला नाटकात राहावेसे वाटते, एवढे कारण नाटकाला पुरेसे आहे.

शासनाच्या निर्णयांनुसार दहावीला चित्रकला, शास्त्रीय कला, लोककला आदी प्रकारांत विहित अटी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जात असल्याने नेमक्या अटी आणि मुदत यांची चौकशी शाळेतच वर्षारंभी करावी. पण गुण मिळतात म्हणून नाटक, अशी सुरुवात झाली, तर गुण न मिळणारे वाचन आणि मैत्री आणखीच मागे पडतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांत कठोर भिंत नसावी, असे म्हटले आहे. ती भिंत शाळेच्या वेळापत्रकात पाडावी लागेल. चाचणी परीक्षा आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी एकाच आठवड्यात ठेवणाऱ्या शाळेने मुलांच्या नियोजनाला दोष देण्यात अर्थ नाही.

दिग्दर्शकांची जबाबदारीही मोठी आहे. तालमीचे वेळापत्रक लेखी द्यावे, ज्यांचे प्रवेश नाहीत त्यांना बोलावून बसवून ठेवू नये आणि तालीम ठरल्या वेळी संपवावी. मुले रात्री उशिरापर्यंत थांबतात याचा अर्थ त्यांना थांबणे परवडते, असा होत नाही; त्यांना नाही म्हणता येत नाही, एवढाच होतो.

पालकांनी भूमिका स्वीकारण्यापूर्वीच मुलाबरोबर बसून हिशेब मांडावा आणि शेवटच्या पंधरवड्यात काय कमी करायचे, हे तेव्हाच ठरवावे. क्लासचे दोन तास पुढे ढकलता येतील का, एखादे लग्नकार्य चुकवता येईल का, मोबाइलचा वेळ किती निघेल? ठरवून केलेली कपात पुढे भरून काढता येते. न ठरवता झालेली कपात सवय बनते. ऐन तालमीत ‘नाटक बंद’ अशी धमकी मात्र देऊ नये. त्याने मूल अभ्यासाकडे वळत नाही. दिलेला शब्द मोडता येतो, एवढेच शिकते.

दहावी-बारावीच्या वर्षात मोठी भूमिका झेपणार नसेल, तर रंगमंचामागची कामे आहेत. पार्श्वसंगीत, प्रकाशयोजनेतील मदत, नेपथ्य, वेशभूषा यांतील बरेच काम शेवटच्या काही दिवसांत एकवटलेले असते आणि नाटकापासून पूर्ण तुटल्याची भावनाही येत नाही. वर्गात डोळा लागणे, रविवारी दुपारपर्यंत झोपून राहणे, गृहपाठाबाबत खोटे बोलणे, आवडीचे पुस्तक महिनाभर न उघडणे, जुन्या मित्रांचा उल्लेखच बंद होणे ही लक्षणे एकत्र दिसू लागली, तर एक काम कमी करण्याची वेळ आली आहे, असे समजावे. कोणते काम कमी करायचे, हे ठरवताना मुलाचे मत आधी ऐकावे.

सहा आठवडे संपतात, पडदा पडतो, नेपथ्य उतरवले जाते. निकाल काय लागला हे दोन वर्षांनी फारसे कोणाला आठवत नाही. भरलेल्या आठवड्यात काय सोडायचे आणि काय काही केल्या सोडायचे नाही, हे ठरवण्याची सवय मात्र पुढे महाविद्यालयात, नोकरीत आणि संसारात रोज लागते. ती लागण्यासाठी तेरा ते अठरा हे वय लवकरचे नाही, आणि तालमीचे सहा आठवडे त्याची उत्तम शाळा आहेत. फक्त त्या शाळेत मुलाला झोपायला, मित्राला भेटायला आणि दहा पाने वाचायला वेळ मिळाला पाहिजे.